गरी पाण्यात किती तास होती? : वाचकांचे प्रश्न

पैसे घेऊन हौशी लोकांना समुद्रात गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, नेतात त्या चार्टर बोटी. या बोटींनी किती मासे धरले आणि त्यासाठी किती माणसं किती वेळ गरवत होती, हे मोजतात कसं, यावर आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. बरीचशी मेक्सिकोच्या आखातावरच्या अमेरिकेच्या किनाऱ्याबद्दल आहेत. तिथे ही मोजणी कित्येक दशकं चालू आहे आणि तिच्यावरून प्रकरण कोर्टातही गेलं आहे. शेवटचं पत्र मालवणचं आहे.

प्रश्न : सुट्टीत आम्ही चार्टर बोटीने मेक्सिकोच्या आखातात गेलो होतो. परतल्यावर धक्क्यावर एका मुलीने आमचे मासे मोजले, सोडून दिलेले किती तेही विचारलं. कॅप्टन म्हणाला, "मला या आठवड्याचा फोन येणार आहे, त्यालाही हेच सांगायचंय." एकच माहिती दोनदा कशासाठी गोळा करतात?
— एक वाचक, टॅम्पा, फ्लोरिडा

उत्तर : माहिती सारखी वाटली तरी दोघांना हवा असलेला आकडा वेगळा आहे. धक्क्यावरच्या मुलीला हवं होतं, एका माणसामागे मासे किती. फोनवाल्याला हवं असतं, आठवड्यात फेऱ्या किती झाल्या आणि माणसं किती गेली. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की किनाऱ्याची एकूण पकड निघते. नुसत्या एकाने काहीच कळत नाही.

फोनची पद्धत अशी आहे. चार्टर बोटींची एक यादी ठेवलेली असते. दर आठवड्याला तिच्यातल्या सुमारे १० टक्के बोटी चिठ्ठ्या काढल्यासारख्या निवडतात. निवडलेल्या कॅप्टनला आधी पत्र जातं, सोबत भरायचा तक्ता. सोमवार ते रविवार असा आठवडा संपला की फोन येतो : किती फेऱ्या, प्रत्येक फेरीत गरवणारे किती, किती तास, किनाऱ्यापासून किती लांब. एकही फेरी झाली नसेल तर 'शून्य' हेही पूर्ण उत्तर आहे. ते टाळलं तर सगळा हिशोब फुगतो.

कसा, ते समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. यादीत २०० बोटी आहेत, निवडल्या २०, उत्तर मिळालं १८ जणांकडून. त्या १८ बोटींच्या मिळून ४५ फेऱ्या झाल्या आणि २०७ माणसं गेली. म्हणजे बोटीमागे ११.५ माणसं, आणि २०० बोटींची २,३००. पण यादी कधीच पूर्ण नसते. नवी बोट येते, जुनी विकली जाते, कोणी शेजारच्या काउंटीतून (जिल्ह्यातून) येऊन धंदा करतो. म्हणून धक्क्यावरच्या मुलाखतींतून पाहतात, की भेटलेल्या चार्टर बोटींपैकी यादीत नसलेल्या किती. ४० बोटी भेटल्या आणि त्यांतल्या ४ यादीबाहेरच्या निघाल्या, तर २,३०० ला ४० भागिले ३६ ने गुणायचं. उत्तर सुमारे २,५५६. धक्क्यावर माणसामागे सरासरी दीड मासा आढळला असेल, तर एकूण पकड सुमारे ३,८३३.

आता ते उत्तर न दिलेले दोघे पाहा. ते बाकीच्यांसारखेच आहेत असं आपण गृहीत धरलं. ते रोज दोन-दोन फेऱ्या मारत असल्यामुळे फोन घेत नसतील, तर आकडा कमी येईल. बोट धक्क्याला बांधून ते गावी गेले असतील, तर जास्त येईल. आणि ज्या १८ जणांनी उत्तर दिलं त्यांतल्या शून्यवाल्यांनाच 'माहिती नाही' म्हणून वगळलं, तर काम करणाऱ्या बोटींची सरासरी सगळ्यांवर लागेल. ही चूक फार सहज होते, कारण कोरा रकाना आणि शून्य तक्त्यात सारखेच दिसतात.

फोनवरचं उत्तर तपासण्यासाठी माणूस मरिनात (बोटी बांधून ठेवायच्या जागी) जाऊन निवडलेली बोट जागेवर आहे की नाही, हे दिवस-वेळ टाकून लिहून ठेवतो. जागा रिकामी आणि कॅप्टनच्या उत्तरात त्या दिवशी फेरी नाही, एवढ्यावरून तो खोटं बोलला असं धरत नाहीत. बोट तेल भरायला किंवा दुरुस्तीला गेली असू शकते, किंवा कॅप्टन घरच्यांना घेऊन फिरायला.

हे सगळीकडे याच साच्याचं नाही. टेक्सासची राज्याची स्वतःची पद्धत आहे आणि लुईझियानाने २०१४ पासून आपली वेगळी मोजणी सुरू केली आहे.

प्रश्न : त्या मुलीने मासे मोजायला आमचीच बोट का निवडली? शेजारच्या धक्क्यावर जास्त गर्दी होती.
— तेच वाचक

उत्तर : धक्का, दिवस आणि वेळेचा टप्पा आधीच संगणकाने ठरवलेला असतो. टप्पा सहा तासांचा असतो. गर्दीचे धक्के जास्त वेळा निवडले जातात, पण त्यांची ती जास्तीची शक्यता किती हे माहीत असतं, आणि हिशोबात ती वजा होते. पूर्वी माणसाला धक्का ओस दिसला तर दुसरीकडे जायची मुभा होती, आणि साहजिकच तो मासे उतरत असतील तिकडे जायचा. मग चांगल्या फेऱ्याच नमुन्यात जास्त यायच्या. २०१३ मध्ये ही मुभा बंद झाली आणि रात्रीचे टप्पेही घेतले गेले. आता कोणी आलंच नाही तरी माणसाने सहा तास तिथेच थांबायचं.

प्रश्न : मी मत्स्य महाविद्यालयात शिकते. 'प्रयत्न' हा शब्द पुस्तकात येतो, पण तो फेऱ्यांत मोजायचा, माणसांत की तासांत? आणि माणूस-तासामागे किती मासे याची सरासरी काढताना प्रत्येक बोटीची वेगळी काढून मग तिची सरासरी घ्यावी, की सगळे मासे भागिले सगळे तास?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : प्रयत्न म्हणजे मासे धरण्यासाठी किती गरवलं त्याचं माप. ते जेवढं बारीक लिहून ठेवता येईल तेवढं लिहावं. तासांवरून फेऱ्या काढता येतात, फेऱ्यांवरून तास काढता येत नाहीत. फेरीमागे चार वेळा लिहायच्या : धक्का सोडला, पहिली गरी पाण्यात पडली, शेवटची वर आली, धक्क्याला लागलो. पहिली-चौथी आणि दुसरी-तिसरी यांतला फरक म्हणजे नुसता प्रवास. दूरवर जाणाऱ्या बोटीत तो अर्ध्या दिवसाचाही असतो.

माणसं मोजताना घोटाळा होतो तो बघ्यांचा. बोटीत सहा जण, त्यांतल्या एकाला बोट लागली म्हणून तो आडवा पडून होता, आणि एक लहान मूल नुसतं बघत होतं. गरवणारे चार. खोक्यात सगळ्यांचे मासे एकत्र पडलेले असतात, म्हणून 'या खोक्यात कोणाकोणाचे मासे आहेत?' असं विचारायचं, 'बोटीत किती जण होता?' असं नाही. खलाशाने गरवलं असेल तर तेही वेगळं लिहायचं. कित्येक बोटींवर गिऱ्हाईक फक्त फिरकी फिरवतं, मासा लागलेला असतो खलाशाच्या हातात.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर माणशी तिकीट काढून नेणाऱ्या मोठ्या बोटींची मोजणी १९७२ मध्ये नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना राज्यांत सुरू झाली आणि १९८६ मध्ये आखातापर्यंत आली. तिच्यात 'माणूस-दिवस' हे माप वापरतात. अर्ध्या दिवसाच्या फेरीत ४० जण गेले तर ते २० माणूस-दिवस. मोठ्या बोटीवर प्रत्येकाचे तास विचारत बसणं शक्य नसतं, तिथे हे चालतं. सहा माणसांच्या बोटीसाठी मात्र तास लिहावेत.

सरासरीबद्दल : फेरी पूर्ण करून परत आलेल्या बोटींसाठी सगळे मासे भागिले सगळे तास. एका बोटीवर ६ जण ५ तास, म्हणजे ३० माणूस-तास, मासे १५. दर अर्धा. दुसरीवर एकच जण एक तास, मासे २. दर दोन. दोन दरांची सरासरी सव्वा येते. १७ मासे भागिले ३१ तास केले तर ०.५५ येतात. सव्वाने ३१ तासांना गुणलं तर जवळजवळ ३९ मासे होतील, आणि धरलेत १७. फेरी चालू असतानाच मध्ये गाठून विचारलेल्यांसाठी मात्र प्रत्येकाचा दर काढून त्यांची सरासरी घेतात, आणि अर्ध्या तासापेक्षा कमी गरवलेल्यांना वगळतात, कारण दहा मिनिटांत एक मासा लागला की दर आभाळाला टेकतो. चार्टर बोट नेहमी पूर्ण फेरीनंतरच भेटते, त्यामुळे दुसरी पद्धत तिथे लावू नका. परीक्षेत हे हटकून चुकतं.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक बोटीवर जीपीएस बसवून फोनवरून लॉगबुक भरून घेतलं की प्रश्नच मिटला. हे करत का नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केलं होतं. ४ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेच्या आग्नेय भागात परवानाधारक चार्टर बोटींना इलेक्ट्रॉनिक लॉगबुक सक्तीचं झालं. अटलांटिकच्या बाजूला आठवड्याचा अहवाल पुढच्या मंगळवारपर्यंत द्यायचा, आणि गेलो नसलो तर 'गेलो नाही' असाही द्यायचा. आखातात नियम कडक होता. निघताना कळवायचं, आणि मासे उतरवायच्या आधी लॉगबुक पाठवायचं. मासे नसतील तर फेरी संपल्यापासून अर्ध्या तासात. मार्च २०२२ पासून बोटीवर जागा दाखवणारं यंत्रही बसवायचं होतं. त्याशिवाय भाडं किती घेतलं, तेल किती लागलं, असे धंद्याचे प्रश्नही फॉर्ममध्ये होते.

आखातातले कॅप्टन कोर्टात गेले. सुमारे १,३०० बोटींच्या वतीने हा दावा होता. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी पाचव्या सर्किटच्या (म्हणजे न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने आखातापुरता तो संपूर्ण नियम रद्द केला. मत्स्य कायद्याने सरकारला चार्टर बोटींवर असं यंत्र लादायचा अधिकार दिलेला नाही, आणि धंद्याच्या माहितीबद्दल पुरेशी पूर्वसूचना नव्हती, अशी मुख्य कारणं होती. यंत्रावरून सुरू झालेल्या भांडणात निघताना कळवणं आणि उतरवण्याआधी लॉगबुक, ही दोन्ही कामाची कलमंही गेली. आमच्या मते त्यांतलं दुसरं गेल्याचं नुकसान यंत्रापेक्षा मोठं आहे. कारण पुढच्या उत्तरात येतं.

आणि समजा यंत्र राहिलं असतं, तरी ते फक्त बोट कुठे होती तेवढं सांगतं. ती डॉल्फिन दाखवायला गेली होती की गरवायला, बोटीत चार जण होते की सहा, मासे धरले की नाही, हे जीपीएसला कळत नाही.

प्रश्न : प्रत्येक बोटीने प्रत्येक फेरी लॉगबुकात भरली तर ती शिरगणतीच झाली. मग नमुने, संभाव्यता यांचं काय काम? संख्याशास्त्र शिकवत असल्यामुळे कुतूहल आहे.
— एक प्राध्यापक, पुणे

उत्तर : 'प्रत्येकाने भरली तर' यातच सगळं आहे. सक्ती असली तरी काही फेऱ्या नोंदल्या जात नाहीत, आणि किती नोंदल्या गेल्या नाहीत हे लॉगबुकाकडे पाहून कळत नाही. ते बाहेरून तपासावं लागतं. तुमच्या विषयातलंच साधन वापरतात : तलावातले मासे खुणा करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं, आणि खूण असलेले किती येतात ते पाहायचं. इथे खूण म्हणजे पाठवलेलं लॉगबुक, आणि दुसरं जाळं म्हणजे धक्क्यावरची मुलाखत.

आकडे पुन्हा काल्पनिक. मोसमात लॉगबुकं आली ८००. धक्क्यावर स्वतंत्रपणे १०० फेऱ्या गाठल्या. त्यांतल्या ६४ लॉगबुकात सापडल्या. तर एकूण फेऱ्या ८०० गुणिले १०० भागिले ६४, म्हणजे १,२५०. सुमारे ४५० फेऱ्या कागदावर आल्याच नाहीत.

हे गणित दोन ठिकाणी मोडतं. पहिलं, धक्क्यावर सर्व्हेवाला दिसला की कॅप्टनला लॉगबुक आठवतं. मग भेटलेल्या फेऱ्यांतल्या जास्त फेऱ्या लॉगबुकात सापडतात, ६४ च्या जागी ८० होतात, आणि एकूण १,२५० वरून १,००० वर येतं. म्हणूनच मासे उतरवायच्या आधी लॉगबुक पाठवायची अट महत्त्वाची होती : माणूस दिसायच्या आत अहवाल गेलेला असतो. संध्याकाळी किंवा आठवड्याने भरायची मुभा असली की दोन्ही नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत.

दुसरं, जुळणी. बोट क्रमांकात एक अंक चुकला, सकाळ-दुपार दोन फेऱ्यांत अदलाबदल झाली, रात्रीची फेरी एकाने निघायच्या तारखेला लिहिली आणि दुसऱ्याने परतायच्या, की जुळणारी फेरी न जुळलेली ठरते. ६४ चे ५८ झाले तर एकूण १,३७९ वर जातं. यावर उपाय साधा आहे. तारीख नेहमी परतल्याची, वेळ धक्क्याला लागल्याची, आणि जुळवताना बोट क्रमांक, तारीख, वेळ (एक तास मागेपुढे) आणि माणसांची संख्या, अशा चारांपैकी तीन जुळले तर दोन तपासणाऱ्यांनी स्वतंत्रपणे निर्णय घ्यायचा.

फ्लोरिडाचा पॅनहँडल (राज्याची वायव्येकडची पट्टी) आणि टेक्सासचं पोर्ट अरन्सास इथे २०१०-११ मध्ये लॉगबुकाचा प्रयोग झाला होता. यंत्रापेक्षा वेळेवर न येणारे अहवाल आणि राहून गेलेल्या फेऱ्या हीच डोकेदुखी तिथेही होती. अलास्काने खाऱ्या पाण्यातल्या चार्टर बोटींचं लॉगबुक १९९८ पासून चालवलं आहे. लॉगबुक चालू शकतं. पण ते तपासणाऱ्या माणसांचा पगार त्याच अंदाजपत्रकात धरलेला असावा लागतो.

प्रश्न : आमच्याकडे बरेच पाहुणे मासा धरून फोटो काढून सोडून देतात. सोडलेल्याची नोंद ठेवून उपयोग काय? तो तर जिवंत गेला.
— एक वाचक, वास्को, गोवा

उत्तर : सगळेच जिवंत राहत नाहीत, आणि जे राहिले तेही किती वेळा गरीला लागले हे त्या जातीच्या साठ्याबद्दल सांगतंच. अमेरिकेच्या सर्व्हेत तीन खाती आहेत. एक, धक्क्यावर प्रत्यक्ष बघता येतील असे. दोन, बघता येत नाहीत पण मेले हे नक्की : आमिषाला कापलेले, तुकडे केलेले, मेलेले म्हणून फेकलेले. तीन, जिवंत सोडलेले. पहिलं खातं डोळ्यांनी तपासता येतं. उरलेली दोन्ही सांगणाऱ्याच्या आठवणीवर.

आठवण कशी असते ते आकड्यांत दिसतं. धरलेले मासे ७, ११, १३ असे येतात. सोडलेले मात्र ५, १०, १५, २०. संध्याकाळी विचारलं की लोक पाचाच्या पटीत बोलतात. त्यामुळे सोडतानाच मोजा. बसमध्ये माणसं मोजायला असतो तसा बोटाने दाबायचा काउंटर रेलिंगला बांधून ठेवा, जातीगणिक एक. तीनपेक्षा जास्त काउंटर बांधू नका, चुकीचाच दाबला जातो.

सोडलेल्याची अवस्था आणि खोलीही लिहा. ३० मीटरवरून मासा वर आला की त्याच्या हवेच्या पिशवीतल्या वायूचं आकारमान चौपट होऊ पाहतं. पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे फुगतात, आणि मासा पाण्यावर तरंगत राहतो. गोबरा, तांबोशी यांना हा त्रास होतो. सुरमईला हवेची पिशवीच नसते, तिला तो नाही. तिचं मरण दमछाकीत आणि हाताळणीत असतं. तोंडातून आलेला फुगा ही हवेची पिशवी समजून लोक तो टोचतात. ते पोट असतं, ते टोचू नका. वजन लावून मासा पुन्हा खोल नेऊन सोडणारी क्लिप सर्वांत बरी. आखातातल्या बोटींवर जानेवारी २०२२ मध्ये अशी क्लिप किंवा हवा काढायची पोकळ सुई तयार ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं. नोंदीसाठी चार खुणा पुरतात : पोहून खाली गेला, क्लिपने नेला, तरंगत राहिला, दुसऱ्या माशाने खाल्ला.

प्रश्न : माशांची लांबी मोजताना मापं जुळत नाहीत. एकाच माशाची दोघांची मापं तीन सेंटिमीटरने वेगळी येतात. शिवाय जाती ओळखण्यातही वाद.
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तीन सेंटिमीटर म्हणजे एक जण शेपटीच्या टोकापर्यंत मोजतोय आणि एक जण खाचेपर्यंत. अमेरिकेच्या सर्व्हेत खाचेपर्यंत, मिलिमीटरमध्ये मोजतात. नियमातली किमान लांबी मात्र बऱ्याचदा टोकापर्यंतची असते, आखातातल्या रेड स्नॅपरसाठी ती १६ इंच आहे. त्यामुळे कॅप्टन आणि सर्व्हेवाला दोघेही बरोबर असून आकडे वेगळे येतात. फॉर्मच्या माथ्यावर कुठलं माप ते छापा. टेप अंगावरून वळवत नेऊ नका. एका टोकाला आडवी पट्टी असलेला सपाट फळा घ्या, माशाचं तोंड मिटून नाक पट्टीला टेकवा. वजनाचा काटा दर दहा माशांनी शून्यावर आणा, पिशवीत पाणी साठतं.

मोजायला मासे निवडताना खोक्यात न बघता हात घाला. वरचे मोठे मासे आधी उचलले की साठ्यात सगळे मोठेच आहेत असं वाटायला लागतं. आणि खलाशाच्या सुरीच्या आधी पोहोचा. आखातात खडकाळ भागातले मासे डोकं-पर शाबूत ठेवूनच उतरवायचे असतात. पण धक्क्याच्या टेबलावर साफ करायला सुरुवात झाली की पाच मिनिटांत काही उरत नाही. निदान सांगाडे फेकू नका म्हणून सांगून ठेवा. लांबी सांगाड्यावरूनही मिळते.

जातींचं म्हणाल तर बोलीभाषेतली नावं दगा देतात. आखाताच्या उत्तर भागात गॅग नावाच्या ग्रुपरला (हा गोबऱ्याच्या कुळातला) सगळे 'ब्लॅक ग्रुपर' म्हणतात, आणि खरा ब्लॅक ग्रुपर वेगळाच मासा आहे. नुसतं लॉगबुक वाचलं तर चुकीच्या जातीचा कोटा भरतो. लहान किंग मॅकरल आणि स्पॅनिश मॅकरल दोघांच्याही अंगावर पिवळे ठिपके असतात. दुसऱ्या पाठपराखाली अंगावरची रेषा एकदम खाली वळली की किंग. वळण नाही आणि पहिल्या पराचा पुढचा भाग काळा, तर स्पॅनिश. आपल्या मोठ्या सुरमईचीही रेषा तशीच वळते, ठिपकेवाल्या छोट्या जातीची नाही. फॉर्मवर नावासमोर चित्र छापलं तर निम्मे वाद मिटतात.

प्रश्न : या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आकड्यासोबत प्रमाणित त्रुटीची टक्केवारी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) छापतात ती आधी बघा. ३० च्या वर गेली की जपून, ५० च्या वर असेल तर त्यावर निर्णय घेऊ नका. क्वचित मिळणाऱ्या जातींत हे हटकून होतं. दोन महिन्यांच्या टप्प्यात सगळ्या नमुन्यात एकच मासा दिसला, तर तो गुणाकारात हजारो होतो, आणि पुढच्या वर्षी एकही दिसला नाही की शून्य. साठा तेवढ्यात संपलेला नसतो.

प्रश्न : आमच्या इथे पर्यटकांना गरवायला नेणाऱ्या आम्ही चार बोटी आहोत. कोणी सक्ती केलेली नाही, पण आपली आपण नोंद ठेवावी म्हणतो. काय लिहावं? आणि आमची जागा बाहेर फुटणार नाही ना?
— एक बोटमालक, मालवण

उत्तर : एका फेरीला एक पान. जाड कागद, पेन्सिल. पेनाची शाई खाऱ्या पाण्यात जाते, आणि फोन ओल्या हाताने भरला जात नाही. पान तिथल्या तिथे भरावं, घरी जाऊन नाही.

माथ्यावर बोट, परतल्याची तारीख, आधी सांगितलेल्या चार वेळा, बोटीतली माणसं, त्यांतली गरवणारी, एका वेळी पाण्यात जास्तीत जास्त रॉड किती. प्रकार कोणता : ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढत), जिगिंग (जड खोटं आमिष खोल सोडून झटके देत), पॉपिंग (खोटं आमिष पाण्यावर उडवत) की तळाला आमिष लावून. एका फेरीत दोन प्रकार झाले तर प्रत्येकाचे तास वेगळे लिहा, नाहीतर ट्रोलिंगच्या सुरमया जिगिंगच्या नावावर पडतात. खोली मीटरमध्ये. खाली जातीगणिक ओळ आणि चार रकाने : ठेवले, जिवंत सोडले, मेलेले टाकले, आमिषाला वापरले. ठेवलेल्यांतल्या पहिल्या दहांची लांबी पुरे. आमिषासाठी धरलेले बांगडेही मोजा, तेही समुद्रातूनच आले.

जागा नेमकी लिहू नका. नकाशावर अक्षांश-रेखांशाचे पाच-पाच मिनिटांचे चौकोन आखा, प्रत्येकाला क्रमांक द्या. एक चौकोन सुमारे नऊ किलोमीटरचा होतो. त्यात तुमचा खडक कोणाला सापडणार नाही, आणि अभ्यासाला तेवढं पुरतं. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याची हद्द मात्र नकाशावर स्वतंत्र रेघेने दाखवा, आतली फेरी आणि बाहेरची फेरी एका चौकोनात मिसळायला नको. आकडे बाहेर देताना अमेरिकेतला नियम पाळा : तीनपेक्षा कमी बोटींचा आकडा वेगळा द्यायचा नाही. चार बोटींचे एकत्र द्या. त्यांतली एक मोसमभर बंद राहिली तरी तीन उरतात. दोन बंद पडल्या, तर त्या महिन्याचा आकडा पुढच्या महिन्यात मिळवून द्या.

पानांच्या वहीसोबत भिंतीवर एक कॅलेंडर टांगा. रोज रात्री चारपैकी एक खूण : फेरी झाली, फेरी झाली पण मासा नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून गेलो नाही, वारा-पाऊस म्हणून गेलो नाही. कॅलेंडरवर फेरीची खूण आणि वहीत पान नाही, असं दिसलं की पान राहिलंय. महिन्यातून दोनदा एका बोटमालकाने दुसऱ्याच्या बोटीवर जाऊन, तिचं पान न बघता, उतरणारे मासे मोजावेत. कोणत्या दिवशी ते चिठ्ठी काढून ठरवा, आणि आधी सांगू नका.

कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेची मोजणी मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर बसवलेली आहे, धंद्याच्या बोटींसाठी. तुमची बोट दुसऱ्याच जेट्टीवर, दुसऱ्याच वेळी लागते, तिथे ती मोजणी पोहोचायची नाही. म्हणून वर्षभराची वही झाली की एकत्र केलेला तक्ता त्यांना किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला दाखवा. मात्र मूळ वह्या देऊ नका, प्रत द्या. आणि पहिल्या महिन्यात एकही 'मासा नाही' अशी फेरी लिहिलेली नसेल, तर चौघांनी बसून विचारा, कोणाकोणाची पानं कोरी राहिली.